डिझेल पिकअप पाणी खाते आहे? हेड उतरवण्याआधी करायच्या तपासण्या

गाडी पाणी खाते म्हटलं की पहिला निकाल ठरलेला असतो: हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं. कधी कधी ते खरंही निघतं. पण डिझेल इंजिनाचं हेड उतरवणं हे मोठं काम आहे, आणि एकदा ते उतरलं की गळती नेमकी कुठून होती हे पकडायची संधीही जाते. नवं गॅस्केट बसतं, गाडी बाहेर पडते आणि काही दिवसांत टाकीतली पातळी पुन्हा खाली येते, कारण कूलंट (इंजिन थंड ठेवणारं मिश्रण) जात होतं ते ईजीआर कूलरमधून, म्हणजे धुराचा काही भाग थंड करून इंजिनात परत सोडणाऱ्या भागातून. म्हणून या लेखातला क्रम स्वस्तातल्या आणि काही न मोडणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो. हेड सगळ्यात शेवटी.

कूलंट जायला वाटा तीनच आहेत: गाडीबाहेर, सिलिंडर किंवा सायलेन्सरमध्ये, नाहीतर ऑइलमध्ये. यातली कुठली, हे ओळखायला सगळ्यात जास्त मदत होते ती एका साध्या प्रश्नाची: पाणी कधी जातं?

आधी वही, मग पाना

कूलंटची पातळी नेहमी इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर आणि शक्यतो सकाळी पाहावी. गरम झाल्यावर कूलंट फुगतं, त्यामुळे संध्याकाळची पातळी आणि सकाळची पातळी यांची तुलना करून काही हाती लागत नाही. टाकीवर चिकटपट्टीची खूण करा. भर घालताना मापाच्या बाटलीने घाला आणि किती मिली घातलं, मधल्या काळात किती किलोमीटर झाले, गाडी भरलेली होती की रिकामी, चढ होता का, हे लिहून ठेवा.

कंटाळवाणं काम आहे, पण पिकअपच्या बाबतीत याला पर्याय नाही. गॅरेजात रिकामी गाडी अर्धा तास आयडलवर उभी ठेवली तर बहुतेक गळत्या दिसतच नाहीत. पाठीवर वजन, चढ आणि दुसरा-तिसरा गिअर असला की सिलिंडरमधला दाब वाढतो, कूलंट तापतं आणि मगच दोष बाहेर येतो.

नोंदीतून चित्र असं तयार होतं. रात्रभर उभ्या गाडीत पातळी उतरत असेल, तर गळती बाहेर आहे किंवा कूलंट झिरपून सिलिंडरमध्ये वा ऑइलमध्ये उतरतं आहे. फक्त वजन घेऊन चढल्यावर उतरत असेल, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटला बाहेर ढकलत असण्याची शक्यता मोठी. ईजीआर कूलरही याच यादीत येतो. गाडी कशीही चालवली तरी तासागणिक थोडं थोडं जात असेल, तर वॉटर पंप, रेडिएटर किंवा होज पाईपपासून सुरुवात करा.

एक सक्त सूचना. गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही, 'थोडंसंच सैल करून बघतो' असंही नाही. आतलं मिश्रण १०० अंशांच्या पुढे असू शकतं आणि फक्त दाबामुळे द्रव राहिलेलं असतं. दाब सुटला की त्याच क्षणी उसळतं. आणि जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जिवावर बेततं.

झाकण आणि टाकी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे झाकण. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. झाकणाने सुमारे १ बार दाब धरून ठेवला तर तोच आकडा १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकणाची स्प्रिंग मऊ पडली किंवा रबर चिरलं की ही सगळी सवलत संपते. चढावर कूलंट उकळून बाहेर जातं आणि संशय मात्र गॅस्केटवर येतो. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो. बदलताना तोच आकडा घ्या. जास्त दाबाचं झाकण लावून गळती थांबत नाही, दुसरीकडे नवी सुरू होते.

टाकीचा प्रकारही ओळखून ठेवा. काही गाड्यांत झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली बिनदाबाची असते. गरम झाल्यावर जादा कूलंट बाटलीत जातं, थंड झाल्यावर झाकणातला छोटा व्हॉल्व्ह ते परत ओढून घेतो. हा व्हॉल्व्ह अडकला किंवा बाटलीकडे जाणारी नळी चिरली तर कूलंट परत येत नाही. मग बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असा फसवा प्रकार होतो. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय पातळी ठीक आहे म्हणू नका. थंड झाल्यावर होज पाईप चपटा होत असेल तरी बोट याच व्हॉल्व्हकडे जातं.

बाहेरची गळती

खालचं शील्ड काढा. त्याशिवाय शोधायला बसू नका, कारण शील्डवर साचलेलं कूलंट मूळ जागेपासून दूर कुठेतरी टपकतं.

सुकलेल्या कूलंटची पांढरी, हिरवी किंवा गुलाबी खरपुडी हा सगळ्यात चांगला पुरावा. होज पाईपच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांची कड, थर्मोस्टॅटचं (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं) हाउसिंग, इंजिनाच्या कुशीतले गोल वॉटर प्लग, टर्बोला पाण्याची लाइन असेल तर तिचे जोड, हे सगळं टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहा. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर येतं. छिद्र बुजवू नका. ते इशारा द्यायलाच ठेवलेलं असतं. केबिनचा हिटर कोअर मात्र बॉनेट उघडून दिसत नाही. पायाखालचं कार्पेट ओलं आणि चिकट, काचेवर तेलकट धुकं आणि गोडसर वास अशी त्याची लक्षणं.

डोळ्यांना काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लावा. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब द्या आणि पंधरा-वीस मिनिटं काटा पाहा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर गळती आत आहे. काटा जागचा हलला नाही, तरी लगेच निर्दोष ठरवू नका. काही जोड थंडीत आकसल्यावरच गळतात, तर काही भेगा धातू तापल्यावरच उघडतात. म्हणून ही तपासणी दोनदा करावी: एकदा सकाळी थंड इंजिनावर, एकदा गाडी फिरवून आणल्यावर. दुसऱ्या वेळी टेस्टर बसवण्याआधी इंजिन पुरेसं निवू द्या.

तापमानाचा काटा वर कधी जातो

इंजिन गरम होणं आणि कूलंट कमी होणं या तक्रारी एकत्र येतात, पण आधी कोण आलं हे वेगळं काढावं लागतं.

गर्दीत किंवा उभ्या गाडीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर हवेचा प्रश्न आहे: फॅनचा व्हिस्कस क्लच, इलेक्ट्रिक फॅन, नाहीतर रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधोमध बसलेला चिखल. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसला म्हणून फसू नका. कचरा दोघांच्या सांध्यात असतो. उलट, वेगात आणि वजनाखाली काटा चढत असेल तर पाण्याच्या प्रवाहाकडे वळा. आतून क्षाराने भरलेला रेडिएटर, पंपाचा झिजलेला पंखा, सैल बेल्ट, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा कूलंटमध्ये शिरणारा गॅस, यांपैकी काहीतरी सापडेल.

थर्मोस्टॅट बहुतेक इंजिनांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. बाहेर काढून गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत सोडला की पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं. तो काढून टाकून गाडी चालवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातो. शिवाय सतत थंड राहिलेलं डिझेल इंजिन ऑइल खराब करतं आणि डिझेलही जास्त पितं.

काट्यावर फार विश्वासही ठेवू नका. कूलंट इतकं खाली गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापलेल्या इंजिनावरही काटा खाली दिसू शकतो. हिटर चालू असताना अचानक गार हवा आली तर ती काट्यापेक्षा खरी बातमी. गाडी बाजूला घ्या. कूलंट शिल्लक असेल तर एसी बंद, हिटर पूर्ण चालू आणि दोन-तीन मिनिटं आयडल. कूलंट गेलेलं असेल तर इंजिन ताबडतोब बंद. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं म्हणजे हेडला तडा देण्याची खात्रीशीर पद्धत.

कूलंटमध्ये गॅस शिरतो आहे का

डिझेल इंजिनात ज्वलनाचा दाब शंभर बारच्या पुढे जातो आणि कूलंटचा दाब जेमतेम एक बार असतो. त्यामुळे गॅस्केट फुटायला लागलं की सुरुवातीला कूलंट सिलिंडरमध्ये कमीच येतं. आधी गॅस कूलंटमध्ये घुसतो आणि ते टाकीतून बाहेर ढकलतो. म्हणून धूर नाही, ऑइल स्वच्छ आहे, तरी गॅस्केट गेलेलं असू शकतं. 'ऑइलमध्ये पाणी नाही म्हणजे हेड ठीक आहे' हे वाक्य अपुरं आहे.

पहिली तपासणी हाताने होते. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना हवा फुसकन सुटली, तर रात्रभर दाब धरून ठेवणारं काहीतरी आत होतं. कूलंट थंड झाल्यावर आकसतं, तेव्हा खरं तर दाब राहायला नको. आता झाकण परत लावा, इंजिन सुरू करा आणि वरचा होज पाईप चिमटीत धरा. फॅन आणि बेल्टपासून हात आणि बाही लांब ठेवा. इंजिन गार असतानाच एक-दोन मिनिटांत पाईप दगडासारखा कडक झाला तर ती उष्णतेची करामत नाही. इतक्या लवकर कूलंट फुगत नाही, हा सिलिंडरचा गॅस आहे.

दुसरी तपासणी बुडबुड्यांची. बाटलीकडे जाणारी नळी पाण्याने भरलेल्या पारदर्शक बाटलीत बुडवा आणि इंजिन चालवा. कूलंट नुकतंच बदललं असेल तर अडकलेली हवा बाहेर पडते आणि बुडबुडे येतात; थर्मोस्टॅट उघडून थोडा वेळ गेला की ते थांबतात. गॅसचे बुडबुडे थांबत नाहीत आणि रेस वाढवली की वाढतात. आयडलवर काही दिसलं नाही तर गाडी वजन भरून चढावर नेऊन आणा आणि मग पाहा.

तिसरी आहे रंग बदलणाऱ्या द्रवाची ब्लॉक टेस्ट, आणि इथे डिझेलवाल्यांनी सावध राहायला हवं. हा निळा द्रव कार्बन डायऑक्साइड ओळखतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरात तो भरपूर असतो. डिझेल इंजिन आयडलला ढीगभर हवा आणि चिमूटभर इंधन घेतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड फारच थोडा. द्रव निळाच राहिला म्हणून गॅस्केट निर्दोष ठरलं असं नाही. रंग बदलला तर मात्र गॅस शिरतो आहे हे नक्की. वजनाची फेरी मारून लगेच घेतलेली चाचणी जास्त भरवशाची, पण झाकण उघडण्याचा नियम तिथेही तोच.

कुठला सिलिंडर हे शोधायला ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारा प्लग) काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, मोजतात. डिझेलमध्ये हा दाब इंजिनानुसार साधारण २५ ते ३५ बार असतो. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलका. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळालेली असण्याची शक्यता मोठी. त्याहून चांगली लीक-डाउन टेस्ट: पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, ग्लो प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले की सिलिंडर सापडला. टाकीत डिझेलचा वास येत असेल तर डिझेल फवारणारा नोझल ज्या तांब्याच्या स्लीव्हमध्ये बसतो ती तपासा. ज्या इंजिनांत ही स्लीव्ह पाण्यातून जाते, तिथे तिची सील गेली तरी लक्षणं गॅस्केटसारखीच दिसतात.

पांढरा धूर आणि ईजीआर कूलर

पांढऱ्या धुराचे दोन अर्थ. न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि त्याला इंधनाचा वास असतो. तिथे ग्लो प्लग, नोझल, टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन पाहावं. कूलंटची वाफ गोडसर वासाची आणि दाट असते, इंजिन तापल्यावरही जात नाही. थंड सकाळी पहिली काही मिनिटं निघणारी वाफ मोजू नका.

सकाळी सुरू करताना काही सेकंद इंजिन एका सिलिंडरवर अडखळतं, पांढरा झोत येतो आणि मग सगळं सुरळीत होतं, हे रात्रभर सिलिंडरमध्ये कूलंट झिरपल्याचं जुनं लक्षण. अशा गाडीला स्टार्टर मारताना इंजिन खटकन अडलं तर पुन्हा पुन्हा सेल मारू नका, ढकलूनही सुरू करू नका. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागा अगदीच थोडी असते आणि पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलचा पुरवठा तोडून, ग्लो प्लग काढून, समोर कुणी उभं नाही हे पाहून इंजिन फिरवा. ज्या छिद्रातून पाणी उडेल तो सिलिंडर. बारीक कॅमेरा आत सोडता आला तर आणखी बरं: बाकी पिस्टन काळे आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर तिथे वाफ झालेली आहे.

ईजीआर कूलर हा मधला संशयित. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर इथे कूलंटने थंड करून पुन्हा इंजिनात सोडला जातो. आतल्या पातळ नळ्या तापून-निवून चिरतात. मग कूलंट धुराबरोबर जळून जातं: बाहेर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, कॉम्प्रेशन चांगलं, आणि पाणी मात्र कमी. कधी धूर उलट कूलंटमध्ये शिरतो आणि बुडबुडेही दिसतात. म्हणजे गॅस्केटची सगळी सोंगं हा भाग वठवू शकतो. ईजीआरचा पाईप उघडून पाहा. काजळी कोरडी असायला हवी. ओली, डांबरासारखी किंवा पांढरट खपल्या धरलेली असेल तर कूलर काढा. त्याच्या पाण्याच्या वाटा बंद करून एका बाजूने एक-दोन बार हवा द्या आणि गरम पाण्यात बुडवा. गार पाण्यात चाचणी केली तर बारीक चीर मिटलेलीच राहते. माझ्या मते बुडबुडे किंवा पांढरा धूर असलेल्या, ईजीआर कूलर असलेल्या कुठल्याही पिकअपचं हेड ही चाचणी केल्याशिवाय उतरवू नये.

ऑइल काय सांगतं

ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर मलई दिसली की लोक घाबरतात. छोट्या अंतरांच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती दमटपणामुळेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गंभीर. पातळी वाढली आहे पण ऑइल काळं आणि पातळ आहे, तर ते पाणी नसून डिझेल असू शकतं: गळका नोझल, हाय प्रेशर पंपाचं सील किंवा अर्धवट राहिलेली डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई. वास घ्या, बोटांत चोळून पाहा. पक्कं करायचं तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. कूलंट ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं आणि पहिल्यांदा तेच येतं.

उलट बाजूने, कूलंटच्या टाकीत तेलकट चॉकलेटी लगदा दिसला तर आधी ऑइल कूलर पाहा. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे ऑइल कूलंटमध्ये जातं. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, कूलंटचा थोडा वेळ टिकतो आणि वाहण्याची दिशा फिरते. वेट लायनरच्या इंजिनात, म्हणजे जिथे सिलिंडरच्या नळीला (लायनरला) बाहेरून थेट कूलंट लागतं, लायनरच्या खालच्या रबरी रिंगा आणि लायनरला बाहेरून पडलेली बारीक छिद्रं हाही एक मार्ग. लायनर थरथरतो, त्याच्या भिंतीवर बुडबुडे फुटतात आणि धातू कोरला जातो. अशा इंजिनाला साधं पाणी घालून चालवणं महागात पडतं. निर्मात्याने सांगितलेलं हेवी ड्युटी कूलंट त्या भिंतीवर संरक्षक थर धरतं.

ऑइलमध्ये कूलंट नक्की झालं की गाडी चालवत गॅरेजात नेऊ नका. बेअरिंगं पहिल्यांदा जातात. टो करा.

हेड उतरवावंच लागलं तर

जुनं गॅस्केट फेकू देऊ नका, ते पाहा. जळालेला काळा पट्टा कुठून कुठे गेला आहे ते दिसायला हवं. काहीच दिसत नसेल तर हेडला किंवा ब्लॉकला चीर असू शकते. हेड मशीन शॉपमध्ये गरम करून प्रेशर टेस्ट करून घ्या. सरळ पट्टी आणि फीलर गेजने वाक मोजा आणि मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. काही डिझेल हेडना फेस मारायला, म्हणजे खालचा पृष्ठभाग घासून सपाट करायला, परवानगीच नसते.

आणखी एक गोष्ट घाईत राहून जाते. डिझेल हेड गॅस्केट अनेकदा वेगवेगळ्या जाडीत मिळतं आणि कडेवरच्या खाचांनी किंवा छिद्रांनी ते ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजून जाडी निवडायची असते. हाताला लागेल ते बसवलं तर कॉम्प्रेशन बिघडतं किंवा पिस्टन व्हॉल्व्हला लागतो. ताणून बसणारे हेड बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव याबद्दल मत विचाराल तर आडरानात अडकल्यावरचा शेवटचा उपाय, एवढंच. ती चीर शोधण्याआधी हिटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या शोधते.

कूलंट भरताना रंगावर जाऊ नका, बाटलीवरचं मानक वाचा. दोन वेगळ्या जातींचं मिसळलं तर संरक्षण जातं, कधी गाळही धरतो. पातळ करायला क्षारमुक्त पाणी. हिटर पूर्ण चालू ठेवा, गाडीचं नाक थोडं उंच करा, हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा. ऑइलमध्ये कूलंट गेलेलं असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच एकदा आणि थोडं चालवून पुन्हा एकदा बदला. मग सकाळची खूण पुन्हा सुरू करा. पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरेल, ती अडकलेली हवा. त्यानंतर भरलेल्या गाडीने एक चढ करून दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर झाकण उघडा: फुसकारा नको आणि कूलंट खुणेवर हवं.